वाचकांचे प्रश्न : काळा पडदा फोटोत राखाडी का येतो?

या महिन्यात नागपूरहून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : मागची बाजू हवी तशी काळी, सपाट येत नाही. कोणी माणसांचे फोटो काढतो, कोणी दागिन्यांचे, कोणी पोह्यांच्या बशीचे. म्हणून यावेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझा बारा बाय सोळा फुटांचा स्टुडिओ आहे, भिंती पांढऱ्या. गांधीबागेतून काळं कापड आणून मागे लावलं, समोर दोन सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडचे मऊ उजेडाचे दिवे) ठेवले. डोळ्यांना पडदा काळाकुट्ट दिसतो, फोटोत मात्र राखेसारखा येतो, वर सुरकुत्याही उठून दिसतात. कापड बदलू का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : कापड सध्या राहू द्या, आधी अंतरे बदला.

काळे कापड सगळा उजेड गिळत नाही. साधे काळे सुती कापड पडलेल्या प्रकाशापैकी चार-पाच टक्के परत पाठवते. कॅमेऱ्याच्या हिशेबातला मध्यम राखाडी रंग १८ टक्के परत पाठवतो. म्हणजे तुमचा पडदा त्या राखाडीच्या जेमतेम दोन स्टॉप खाली आहे (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). चेहऱ्यावर जेवढा उजेड, तेवढाच पडद्यावर पडला तर तो राखाडीच येणार, त्यात कापडाचा दोष नाही. फोटोत पडदा काळा ठार दिसायला तो मध्यम राखाडीच्या साधारण पाच स्टॉप खाली जावा लागतो. दोन स्टॉप कापडाने दिले. उरलेले तीन अंतरातून काढायचे.

दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड पाव होतो, म्हणजे दोन स्टॉप घटतो. तीन स्टॉप घटवायला अंतर २.८ पट लागते. दिवा चेहऱ्यापासून ३ फुटांवर असेल तर पडदा दिव्यापासून साडेआठ फुटांवर हवा, म्हणजे माणसाच्या मागे साडेपाच फूट. हाच दिवा तुम्ही ६ फुटांवर नेला तर पडदा दिव्यापासून १७ फुटांवर जातो, आणि तुमची खोली संपते १६ फुटांवर. छोट्या स्टुडिओत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच : जागा मोकळी राहावी म्हणून दिवा लांब ठेवतात. दिवा लांब गेला की चेहरा आणि पडदा यांच्यावरच्या उजेडातला फरक मिटतो, मग पॉवर कितीही वाढवा वा घटवा, दोन्ही एकत्रच उजळतात आणि एकत्रच काळवंडतात.

याच हिशेबाने राखाडी भिंत काळी करायला ३ फुटांवरच्या दिव्यासाठी ती दिव्यापासून १७ फुटांवर लागते आणि पांढरी भिंत ३४ फुटांवर. करता येते, पण त्यासाठी स्टुडिओ नव्हे, मंगल कार्यालय हवे. एक सावधगिरी : हे गणित लहान दिव्याला चोख लागू पडते. ३ फुटांचा सॉफ्टबॉक्स ३ फुटांवर असेल तर उजेड गणितापेक्षा थोडा सावकाश घटतो, म्हणून पडदा आणखी फूटभर मागे घ्या.

तुमच्या खोलीत मांडणी अशी बसेल. लांबीच्या एका टोकाला पडदा. त्याच्यापासून सहा-साडेसहा फुटांवर माणूस. कॅमेरा दुसऱ्या भिंतीला टेकून, म्हणजे माणसापासून साडेआठ-नऊ फूट. दोनपैकी एक सॉफ्टबॉक्स बंद करा. उरलेला चेहऱ्याच्या ४५ अंश बाजूला, ३ फुटांवर, तोंड किंचित खाली.

आता पांढऱ्या भिंती. सॉफ्टबॉक्समधून सांडलेला उजेड बारा फुटी खोलीत भिंतीवर आदळून पडद्यावर परत येतो. माणसाच्या दोन्ही बाजूंना, भिंतीच्या अलीकडे, काळे कापड दोरीवर टाका. छत कमी उंचीचे असेल तर दिव्याच्या वरच्या भागापुरते छतालाही काळे कापड लावा. कापड नसेल तर थर्माकोलच्या पाट्या काळ्या रंगवून उभ्या करा. रंग मात्र पाण्यात मिसळणारा घ्या. ऑइलपेंट किंवा थिनर लागला की थर्माकोल विरघळतो.

सॉफ्टबॉक्सच्या तोंडावर कापडी ग्रिड, म्हणजे उजेड बाजूला सांडू न देणारी चौकटींची जाळी, लावा. ती लावल्यावर एक साधी परीक्षा करा : पडद्याला पाठ टेकवून उभे राहा आणि दिव्याकडे बघा. सॉफ्टबॉक्सचा पांढरा चेहरा तुम्हाला दिसत असेल, तर तो पडद्यालाही दिसतो आहे. दिवा फिरवा, किंवा दिवा आणि पडदा यांच्या मध्ये स्टँडवर काळी पाटी आडवी धरा, इतकी की तो चेहरा झाकला जाईल पण माणसावरचा उजेड तुटणार नाही.

शेवटी कॅमेरा. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/८, शटर १/१२५. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. नाक-कान अंधुक दिसत असतील तर ट्यूबलाइट किंवा खिडकी आत घुसते आहे. शटर १/१६० किंवा १/२०० करा. त्याच्या पुढे जाताना तुमच्या कॅमेऱ्याची सिंक मर्यादा, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारे सर्वांत वेगवान शटर, बघा, नाहीतर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येईल. शटर बदलल्याने फ्लॅशचा उजेड कमी होत नाही, फक्त खोलीतला घटतो. तुमचे सॉफ्टबॉक्स सतत जळणाऱ्या एलईडीचे असतील तर ही युक्ती चालत नाही, तिथे खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करणे हाच मार्ग. ऑटो मोड तर मुळीच नको. फ्रेममध्ये काळे जास्त दिसले की कॅमेरा तो अंधार उजळायला धावतो, आणि तुमचा पडदा राखाडी, चेहरा पांढराफटक होतो.

सुरकुत्यांना वेगळे औषध लागत नाही. पडद्यावर उजेडच नसेल तर सुरकुतीची सावलीही नसते.

प्रश्न : मखमल, साधं कापड की कागदाचा रोल? आणि किती मोठं घ्यावं?
— वाचक, सक्करदरा

उत्तर : फक्त काळ्यासाठी हवे असेल तर मखमल. तिच्या उभ्या तंतूंच्या मध्ये शिरलेला उजेड आतच अडकतो, म्हणून ती साध्या कापडापेक्षा खूपच कमी उजेड परत पाठवते आणि लहान खोलीत दोन-तीन फूट अंतर वाचवते. टांगताना तिचा कल, म्हणजे तंतू कोणत्या दिशेला झुकले आहेत ते, बघा. हात वरून खाली फिरवल्यावर जिकडे खरखरीत लागते, म्हणजे तंतू वर तोंड करून आहेत, त्या बाजूने ती बहुधा जास्त गडद दिसते. तरी दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढून ठरवा. इस्त्री थेट फिरवू नका, तंतू कायमचे बसतात. उलट्या बाजूने वाफ द्या.

दुकानात पारखताना मोबाईलचा टॉर्च कापडावर तिरका धरा. सॅटिन, क्रेप, स्वस्त पॉलिस्टर लगेच चमकतील. ज्यावर टॉर्चचा पट्टा जवळजवळ उमटतच नाही ते घ्या.

कागदी रोल सुरकुतत नाही आणि जमिनीपर्यंत सलग उतरवता येतो, म्हणून उभ्या माणसाच्या फोटोला तो सोयीचा. पण काळ्या कागदाला तिरप्या उजेडात चकाकी येते, आणि जमिनीवर पावलांचे ठसे लगेच दिसतात. रोल उभाच ठेवा. आडवा टेकवून ठेवला की मधे झोळ येतो.

मापाबद्दल बहुतेक जण गरजेपेक्षा दुप्पट कापड घेतात. छाती-डोक्याच्या फोटोला पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ८५ एमएमची लेन्स, माणूस ८ फुटांवर, पडदा त्याच्या मागे ६ फुटांवर असेल तर उभ्या फोटोत पडद्याचा फक्त ४ फूट रुंद आणि ६ फूट उंच भाग दिसतो. ५ फूट रुंद, ८ फूट लांब तुकडा पुरतो. तोच फोटो ५० एमएमने काढायला कॅमेरा जवळ न्यावा लागतो आणि मागचा दिसणारा भाग ५ फुटांच्या पुढे जातो. मखमलीचा पन्हा बहुधा ४४ इंच असतो, तेव्हा दोन पट्टे जोडावे लागतील. जोड मधोमध येऊ देऊ नका आणि दोन्ही पट्ट्यांचा कल एकाच दिशेला ठेवा, नाहीतर एक पट्टा काळा आणि दुसरा करडा दिसेल.

प्रश्न : हायकोर्टातल्या वकिलांचे फोटो काढतो. काळा कोट, काळे केस, मागे काळा पडदा. फोटोत नुसता चेहरा आणि गळ्यातली पांढरी बँड तरंगताना दिसते.
— वाचक, सिव्हिल लाइन्स

उत्तर : काळ्या कोटामागे ठार काळा पडदा वापरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गडद राखाडी कागद लावा आणि त्याच्यावर मोजून-मापून उजेड द्या. खुर्चीच्या मागे, बसलेल्या माणसाच्या पाठीआड लपेल असा एक छोटा फ्लॅश खालच्या स्टँडवर ठेवा, तोंड पडद्याकडे, पॉवर पूर्ण ताकदीच्या १/६४ पासून सुरू करा. खांद्यांच्या मागे मंद उजळ आणि कडांकडे विझत गेलेला असा पडदा मिळेल. कोटाची कड दिसू लागली की थांबा. त्याहून उजळ केला तर तो साधा राखाडी फोटो होतो.

ग्राहकाला काळाच पडदा हवा असेल तर माणसाला मागून कड द्यावी लागेल. एक फूट बाय चार फुटांचा उभा स्ट्रिप सॉफ्टबॉक्स, ग्रिडसह, माणसाच्या मागे ४५ अंशांवर, ४ फुटांवर ठेवा. पॉवर मुख्य दिव्याच्या बरोबरीने किंवा एक स्टॉप खाली. कोटाचे कापड तिरप्या उजेडात आपोआप चमकते, त्यामुळे जोर लावायची गरज नसते. केसांना तेल असेल किंवा टक्कल असेल तर तिथे पांढरा चट्टा पडतो. दिवा थोडा खाली उतरवा, आणि मे महिन्यात फोटो काढण्याआधी टिश्यूने कपाळ टिपून घ्या.

मागच्या दिव्याचा एक धोका आहे. तो थेट लेन्समध्ये डोकावला की सगळ्या फोटोवर पातळ दुधट थर चढतो आणि काळा पडदा पुन्हा राखाडी होतो. अनेकांना वाटते पडद्यावर उजेड सांडला, आणि ते पडदा मागे-मागे नेत राहतात. लेन्ससमोर हाताचा पंजा आडवा धरून बघा. पंज्याने दिव्याची वाट अडताच काळे परत आले, तर दोष पडद्याचा नव्हे, लेन्समध्ये शिरणाऱ्या उजेडाचा. स्ट्रिप आणि कॅमेऱ्याच्या मध्ये काळी पाटी उभी करा, लेन्सला हूड लावा, समोरची काच पुसा. बोटाचा एक पुसट ठसासुद्धा हे दूध दुप्पट करतो.

मुख्य दिवा पाव-अर्धा स्टॉप कमीच ठेवा. जास्त उजेडाने पांढऱ्या बँडवरची वीण फोटोतून गेली तर ती परत मिळत नाही.

प्रश्न : इतवारीतल्या सराफांसाठी दागिन्यांचे फोटो करते. काळ्या मखमलीवर सोनं ठेवलं की ते काळपट दिसतं, आणि प्रत्येक फोटोत पांढरे धागे-धूळ. काळं ॲक्रिलिक घेऊ का?
— वाचक, इतवारी

उत्तर : पॉलिश केलेले सोने आपल्या समोर जे आहे तेच दाखवते. खाली काळे, मागे काळे, वर अंधारी खोली असेल तर ते काळपट दिसणारच. दिवा वाढवल्याने फक्त दोन-चार ठिणग्या पांढऱ्या होतात, बाकी दागिना तसाच राहतो. सोन्याला बघायला काहीतरी मोठे आणि उजळ द्या. दागिन्याच्या वर फूटभर उंचीवर ट्रेसिंग पेपर कमानीसारखा वाकवून लावा आणि त्याच्या मागून दिवा टाका. दोन्ही बाजूंना पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे, दागिन्याच्या अगदी जवळ, फ्रेमच्या कडेबाहेर. एक पुठ्ठा बोटभर सरकवला तरी पाटलीच्या गोलाईवर उजेडाची रेघ सरकताना दिसेल. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत तीच रेघ हवी तिथे आणून ठेवायची, हेच यातले खरे काम. मधे थोडी काळी जागा राहू द्या : सगळीकडून पांढरे केले तर सोने पितळेच्या पत्र्यासारखे सपाट दिसते.

धुळीसाठी मखमल उलटी करून झटका, मग रुंद चिकटपट्टीने कल ज्या दिशेला आहे त्याच दिशेने टिपा. दागिना ठेवल्यावर पुन्हा हात लावू नका. उरलेले कण मऊ कोरड्या ब्रशने एकेक उचला.

ॲक्रिलिक जरूर घ्या, पण ते आरसा आहे हे लक्षात ठेवा. त्यात दागिन्याचे प्रतिबिंब सुंदर पडते आणि ट्रेसिंग पेपरचेही पडते. कॅमेऱ्यातून बघताना ॲक्रिलिकमध्ये समोर जे पांढरे दिसते, त्याच्या जागी काळा पुठ्ठा उभा करा. तेवढा पट्टा काळा झाला की बाकी उजेड तसाच ठेवता येतो. पोलरायझर फिल्टरने ॲक्रिलिकवरची झाक कमी होते, धातूवरची होत नाही. कोरड्या फडक्याने ॲक्रिलिक कधीच पुसू नका. घासल्याने त्यात वीज साठते आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते धूळ अक्षरशः ओढून घेते. किंचित दमट मायक्रोफायबरने पुसा, मग ब्लोअर.

प्रश्न : तर्री-पोह्याचा फोटो मोबाईलवर काढायचा आहे. मागे काळं, वर वाफ. वाफ दिसतच नाही.
— वाचक, गोकुळपेठ

उत्तर : वाफ समोरच्या उजेडात दिसत नाही, मागून येणाऱ्या उजेडात दिसते. बशी खिडकीजवळ अशी ठेवा की उजेड मागून-बाजूने येईल. बशीच्या दोन फूट मागे काळा पुठ्ठा धरा, पण खिडकी आणि बशी यांच्या मधे येऊ देऊ नका. तर्रीवरच्या लाल तेलालाही याच उजेडाने झळाळी येते. बशीच्या अलीकडे एक पांढरा कागद ठेवला तर समोरची शेव अंधारात जात नाही. मोबाईलवर पोह्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेडाची पट्टी खाली ओढा, मागचे काळे होईपर्यंत.

डोळ्यांना दिसणारी वाफ म्हणजे थंड हवेत जमलेले पाण्याचे बारीक थेंब. मे महिन्यात ४४ अंशांच्या कोरड्या हवेत ते तयार होताच विरून जातात, आणि कूलर लावला तर वारा त्यांना उडवतो. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ, पंखा बंद, तर्री कढईतून थेट बशीत, आणि फोटो पहिल्या अर्ध्या मिनिटात.

प्रश्न : स्टुडिओ नाही, फ्लॅश नाही. आजीचा काळ्या पार्श्वभूमीचा फोटो घरीच निघेल का?
— वाचक, महाल

उत्तर : जुना वाडा असेल तर अनेक स्टुडिओंपेक्षा चांगला निघेल. ओसरीवर किंवा चौकाकडे उघडणारे दार निवडा, ज्यावर त्या वेळी थेट ऊन नाही. आजींना उंबऱ्याच्या आत एक-दीड फुटावर, तोंड बाहेर करून बसवा. त्यांच्या मागची खोली जितकी खोल तितके चांगले. आतले दिवे, देवघरातला बल्ब, मागची खिडकी, सगळे बंद. तुम्ही बाहेर उभे राहा, पण उजेड अडवू नका. दाराचा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि दहा-बारा फूट आत जाईपर्यंत कितीतरी पट घटतो. वर सांगितलेलेच गणित, फक्त दिव्याच्या जागी दार. मागे पांढरी भिंत चमकत असेल तर तिच्यावर गडद चादर टाका. फ्रेममधून स्टीलची भांडी आणि काचेच्या तसबिरी काढा, कारण त्यांच्यात दार उमटते. आजी उंबऱ्यापासून पाच फूट आत बसल्या तर हा फरक राहत नाही, म्हणून फुटाचे पक्के राहा.

प्रश्न : कॉम्प्युटरवर पडदा काळा, ग्राहकाच्या मोबाईलवर मात्र त्यात ढग आणि पट्टे. अल्बमच्या छपाईत तर काळं फिकट आलं.
— वाचक, मानेवाडा

उत्तर : तुमच्या स्क्रीनचा उजेड कमी असावा, म्हणून न दिसलेले उरलेले राखाडी त्याच्या मोबाईलवर दिसले. एडिटिंगमध्ये सर्वांत वर कर्व्हजचा (उजेड-अंधार कमी-जास्त करणारा) एक तात्पुरता थर घ्या आणि अंधाराची बाजू जोरात वर ओढा. पडद्यावर सांडलेला उजेड, जोड, धूळ, सगळे उघडे पडेल. ते साफ करा. पडद्यावर मास्क करून, म्हणजे फक्त तेवढा भाग निवडून, त्याच्या उजेडाचा आकडा ० वर आणा. केसांवर आणि कोटावर तोच मास्क फिरवू नका, त्यांच्यातला तपशील बुडतो. मग तात्पुरता थर काढून टाका.

पट्टे वेगळ्या कारणाने येतात. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. काळ्यापासून गडद राखाडीपर्यंत सावकाश जाणाऱ्या पडद्याच्या वाट्याला त्यातल्या वीस-पंचवीसच येतात, आणि व्हॉट्सॲप फोटो आणखी दाबते. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, १६ बिटमध्ये काम करा, आणि पडद्यावर शेवटी अगदी बारीक दाणा घाला, पायऱ्या मिसळतात. ग्राहकाला फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ऑफसेट छपाईत नुसती काळी शाई कागदावर करडीच दिसते. मोठ्या काळ्या भागाला काळ्या १०० बरोबर निळी ६०, गुलाबी ४०, पिवळी ४० असे मिश्रण देतात, एकूण २४०. पण प्रेसची शाईची मर्यादा कागदानुसार बदलते, म्हणून फाइल देण्याआधी तो आकडा त्यांच्याकडून घ्या, आणि त्याच कागदावर एक पान नमुना छापून उन्हात बघा.